कानाडोळा

"आपला कॉल गुणवत्तेसाठी ध्वनिमुद्रित केला जात आहे."
हे वाक्य संपतं, तिथून माझी नोकरी सुरू होते.
मालाडला, खाडीकडच्या अंगाला,
सातव्या मजल्यावर, खिडकी न उघडणाऱ्या खोलीत
मी ऐकते.
दिवसाला अठरा कॉल. प्रत्येकाला शंभरपैकी गुण.
नमस्कार केला: पाच. नाव दोनदा घेतलं: पाच.
आवाजात हसू: दहा.
हसू ऐकू येतं. सात वर्षांत एवढं शिकले.
खरं कुठलं आणि पगाराचं कुठलं, तेही कळतं,
पण त्याला रकाना नाही.

बुधवारी, जेवणाआधीचा शेवटचा.
मेल्विन कुटिन्हो, वसईचा, आठ महिने जुना.
पलीकडे द्वारकाबाई तांडेल, मढ.
नवऱ्याचा दावा का नाकारला, एवढंच विचारत होत्या.
मागे कुणीतरी बर्फ फोडत होतं.

त्याने पडद्यावरचं वाचून दाखवलं.
"आजार पूर्वीपासूनचा असल्याने..."
"कुठला पूर्वीपासून?" त्या म्हणाल्या,
"आदल्या दिवशी जाळं शिवत बसला होता माणूस.
पूर्वीपासून तर तुम्ही हप्ता घेताय. नऊ वर्षं."

मग चौदा सेकंद काहीच नाही.
शांतता दहाच्या वर गेली की पाच गुण कापायचे.
कापले.
बर्फ फोडणं तेवढं चालू.
मग मेल्विन, आवाज खाली आणून, हसू काढून ठेवून:
"मावशी, पेन आहे? लिहून घ्या.
आधी इथेच लेखी तक्रार टाका, पोच घ्या.
महिनाभर वाट बघा. नाहीच काही झालं तर विमा लोकपाल, सांताक्रूझ.
पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही.
इतके हप्ते घेतल्यावर असं हात वर करता येत नाहीत त्यांना."
त्यांना, म्हणाला. आम्हाला नाही.
"पेन नाय रे बाला. तू बोल, मी पाठ करते."
लो. क. पा. ल.
त्यांनी तीनदा म्हणून दाखवलं, पहिलीतल्या मुलीसारखं.

माझ्या यादीत सगळ्यात खाली एक लाल चौकट आहे.
तिच्यात खूण केली की वरचं सगळं शून्य,
नमस्कारासकट.
'कंपनीच्या हिताविरुद्ध माहिती दिली.'
समोरच्या भिंतीवर लिहिलंय: ग्राहक हाच देव.
देवाला फक्त पत्ता सांगायचा नाही.

कानाडोळा करता आला असता.
पण माझ्या अठरातले दोन, गुरगावला, कुणी पुन्हा ऐकतं.
कुठले दोन, ते सांगत नाहीत.
आणि दहिसरच्या खोलीचा हप्ता पाच तारखेला.
मी खूण केली.
मग जेवायला गेले. डब्यात दुधी होता.
सगळा खाल्ला.

शुक्रवारी फाटकावर मेल्विनचं कार्ड वाजेना.
"नेटवर्क असेल," रखवालदार झोडगे म्हणाला,
आणि दोघं आळीपाळीने ते शर्टाला पुसून बघत राहिले.
मी रांगेत मागेच होते. त्याने ओळखलं नाही.
आम्हाला कुणी ओळखू नये असा नियमच आहे.

द्वारकाबाईंनी अर्ज टाकला का, कळायला मार्ग नाही.
त्यांचा दुसरा कॉल आला असला
तरी माझ्या वाट्याला नाही आला.

परवा गॅस कंपनीला फोन लावला. बिल तिप्पट आलेलं.
तेच वाक्य. बाईसुद्धा बहुतेक तीच.
मग एक मुलगी, हसू दहापैकी दहा.
मी भांडले. तिने समजावलं. मी पुन्हा भांडले.
आणि मग तिचा आवाज जरासा खाली आला,
तशी मला घाम फुटला.
"थांब," मी म्हणाले, "तू नको सांगूस.
मी शोधते माझं मी."
ती गप्प. मीही.
सात, आठ, नऊ.

आणि तू, जी कोणी हे नंतर ऐकशील,
हेडफोन दाबून, लांबून बघणाऱ्याला वाटावं
कानांवर हात ठेवलेत,
मागे कुकर वाजतोय तो माझा.
अकरा, बारा.
ही शांतताही माझीच आहे.
तिचे पाच कापू नकोस.